जॉर्ज रॉम्नी : मोटार कंपनीचे अध्यक्ष, मिशिगनचे गव्हर्नर आणि निक्सन यांचे गृहनिर्माणमंत्री

मूळ लेख – उत्तरसीमा

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराची उत्तरेकडची हद्द म्हणजे एट माईल रोड. रस्ता ओलांडला की वॉरन लागते. जनरल मोटर्सचे तंत्रकेंद्र वॉरनमध्येच असल्यामुळे मोटार व्यवसायातल्या अनेक मराठी मंडळींची या रस्त्यावरून नेहमी ये-जा असते. मीही त्यांतलाच एक. या एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या माणसांत इतका फरक का, हा प्रश्न मला इथे आल्यापासून पडत होता. त्याचे उत्तर शोधताना जॉर्ज रॉम्नी यांचे नाव पुन्हा पुन्हा समोर येत गेले. आज बहुतेकांना ते २०१२ मधले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांचे वडील म्हणून ठाऊक असतात. माझ्या मते ही ओळख अपुरी आहे, म्हणून हा धागा.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेले असतात. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि त्याचे अधिकार आपल्या मुख्यमंत्र्यांच्या अधिकारांशी अधिक जुळतात. याउलट तिथला केंद्रीय मंत्री निवडून आलेला नसतो. राष्ट्राध्यक्ष त्याला नेमतो आणि त्याचीच मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. रॉम्नींची कारकीर्द समजून घेताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

रॉम्नींचा जन्म ८ जुलै १९०७ रोजी मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतातील, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीत झाला. बहुपत्नीत्वाविरुद्धच्या अमेरिकी कायद्यांमुळे त्यांचे आजोबा तिकडे गेले होते. आईवडिलांचा विवाह मात्र एकपत्नीक होता आणि दोघेही अमेरिकी नागरिक होते. मेक्सिकोत क्रांती पेटल्यावर १९१२ साली, जॉर्ज पाच वर्षांचे असताना, हे कुटुंब घरदार सोडून अमेरिकेत पळून आले. पुढची वर्षे आयडाहो आणि युटामध्ये हलाखीत गेली. वीस वर्षांचे होण्याच्या सुमारास धर्मप्रचारक म्हणून ते ब्रिटनमध्ये होते. रस्त्यावर उभे राहून अनोळखी, कधी टवाळखोर, जमावाला आपले म्हणणे ऐकवण्याची सवय त्यांना तिथे लागली. पदवी त्यांनी कधीच पूर्ण केली नाही. वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरकडे लघुलेखक, मग अल्युमिनियमच्या कंपनीचे प्रतिनिधी, आणि १९३९ पासून डेट्रॉईटमध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेत, असा त्यांचा प्रवास झाला. दुसऱ्या महायुद्धात मोटार कारखाने युद्धसामग्रीकडे वळवण्यासाठी जी परिषद स्थापन झाली, तिचे ते व्यवस्थापकीय संचालक होते.

खरी कहाणी १९४८ मध्ये सुरू होते. त्या वर्षी ते नॅश-केल्व्हिनेटर कंपनीत जॉर्ज मेसन यांचे सहायक म्हणून रुजू झाले. १ मे १९५४ रोजी नॅश-केल्व्हिनेटर आणि हडसन यांचे एकत्रीकरण होऊन अमेरिकन मोटर्स ही कंपनी निर्माण झाली. पाचच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मेसन यांचे निधन झाले आणि तोट्यात चाललेली ती नवी कंपनी सत्तेचाळीस वर्षांच्या रॉम्नींच्या हाती आली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर दरवर्षी गाड्या अधिक लांब, अधिक रुंद आणि अधिक चकचकीत करत होत्या. त्या स्पर्धेत उतरण्याइतके भांडवल रॉम्नींकडे नव्हते. त्यांनी सगळा भर रॅम्बलर या छोट्या गाडीवर दिला आणि १९५७ नंतर नॅश व हडसन ही दोन्ही जुनी नावे बंद केली. दोन्ही कंपन्यांच्या विक्रेत्यांचा आणि जुन्या ग्राहकांचा जीव त्या नावांत गुंतलेला असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. देशभर हिंडून त्यांनी भाषणे केली, जाहिरातींत स्वतः लिहिले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांना पेट्रोल पिणारे डायनोसॉर म्हटले. १९५८ च्या मंदीत इतरांची विक्री घसरत असताना रॅम्बलरची विक्री वाढली आणि त्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर नफा झाला.

या यशापेक्षा मला त्या काळातल्या दुसऱ्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे १९५८ मध्ये सिनेटच्या मक्तेदारीविषयक उपसमितीपुढे त्यांनी दिलेली साक्ष. स्वतः एका मोटार कंपनीचे अध्यक्ष असूनही, अवाढव्य कंपन्यांचे विभाजन झाले पाहिजे आणि अवाढव्य कामगार संघटनांची एकवटलेली ताकदही कमी झाली पाहिजे, असे त्यांनी तिथे उघडपणे मांडले. दुसरी गोष्ट पगाराची. स्वतःच्या वेतनाला त्यांनी मर्यादा घालून घेतली आणि पाच वर्षांत मिळून सुमारे २,६८,००० डॉलरचे बोनस नाकारले. १९६१ मध्ये मोटार कामगारांच्या संघटनेशी नफ्यात वाटा देणारा करार झाला. त्या उद्योगातला तो अशा प्रकारचा पहिला करार होता.

मिशिगन राज्याची स्थिती त्या वेळी बिकट होती. १९५९ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर देण्याइतकेही पैसे राज्याच्या तिजोरीत उरले नव्हते, आणि गव्हर्नर व विधिमंडळ एकमेकांना अडवण्यात गुंतले होते. रॉम्नींनी त्याच वर्षी पक्षनिरपेक्ष नागरिकांची एक संघटना उभारली आणि राज्याची घटना नव्याने लिहिण्याची मागणी लावून धरली. घटना परिषद भरली तेव्हा ते तिचे एक उपाध्यक्ष झाले. चोवीस तासांचा उपवास आणि प्रार्थना करून फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नरपदाची निवडणूक लढवण्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे गव्हर्नर जॉन स्वेन्सन यांचा सुमारे ८०,००० मतांनी पराभव केला. डेमोक्रॅटिक पक्षाची चौदा वर्षांची राजवट त्यामुळे संपली. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यामुळे रिपब्लिकन उमेदवार ठिकठिकाणी वाहून गेले. नागरी हक्कांच्या प्रश्नावरून गोल्डवॉटर यांना पाठिंबा देण्याचे नाकारणारे रॉम्नी मात्र त्याच मतदारांकडून ३,८०,००० हून अधिक मताधिक्याने निवडून आले.

राज्यात त्यांनी केलेले काम ठोस आहे. १९६३ मध्ये निसटत्या बहुमताने मंजूर झालेल्या नव्या घटनेने शंभराहून अधिक विखुरलेल्या सरकारी यंत्रणांना जास्तीत जास्त वीस खात्यांत आणले आणि नागरी हक्क आयोगाला थेट घटनेत स्थान दिले. करसुधारणेचा त्यांचा पहिला प्रयत्न १९६३ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या आमदारांमुळेही फसला. तरीही चिकाटीने मागे लागून १९६७ मध्ये त्यांनी राज्याचा पहिला प्राप्तिकर आणला: व्यक्तींसाठी २.६ टक्के, कंपन्यांसाठी ५.६ टक्के. दर गुरुवारी सकाळी कोणीही येऊन त्यांच्याशी पाच मिनिटे बोलू शकत असे. जून १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या डेट्रॉईटमधील मोर्चाला त्यांनी पाठिंबा दिला. रविवारी सार्वजनिक कार्यक्रम न करण्याच्या व्रतामुळे ते त्यात चालले नाहीत, पण पुढच्याच शनिवारी ग्रोस पॉइंट या श्रीमंत गोऱ्या उपनगरातल्या मोर्चात ते आघाडीवर होते. निवडणुकीत आपल्या पक्षाला मते देणाऱ्या वस्तीत जाऊन तिला न आवडणारी गोष्ट सांगणारा पुढारी मला आदरणीय वाटतो.

जुलै १९६७ मध्ये डेट्रॉईट पेटले. त्रेचाळीस माणसे मेली आणि सात हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. लष्कर बोलावण्यासाठी ‘बंड’ हा शब्द लेखी वापरायचा की नाही, यावरून रॉम्नी आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे प्रशासन यांच्यात मोलाचे तास गेले; तो शब्द वापरला तर विमा कंपन्या जळालेल्या दुकानांची भरपाई नाकारतील, अशी रॉम्नींना भीती होती. दंगलीनंतर त्यांनी देशातल्या सतरा शहरांतल्या गरीब वस्त्यांचा दौरा केला आणि राज्यात घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९६८ मध्ये करून घेतला.

राष्ट्राध्यक्षपदाची त्यांची मोहीम फेब्रुवारी १९६८ मध्ये संपली. निक्सन निवडून आले आणि जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी रॉम्नींना गृहनिर्माण व नागरी विकास खाते दिले. मला खरे म्हणजे इथपासून पुढे बोलायचे आहे.

हे खाते १९६५ मध्येच स्थापन झालेले होते. १९६८ च्या कायद्याने दहा वर्षांत २ कोटी ६० लाख घरांचे लक्ष्य ठेवले होते, आणि त्याच वर्षीच्या घरहक्क कायद्याने या खात्यावर वर्णभेदरहित वस्तीसाठी सक्रिय प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली होती. रॉम्नींनी ही दुसरी जबाबदारी मनावर घेतली. मलनिस्सारण, पाणीपुरवठा, नूतनीकरण यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर उपनगरांनी अल्प उत्पन्न गटाची आणि कृष्णवर्णीयांची घरे आपल्या हद्दीत येऊ दिली पाहिजेत, असे धोरण त्यांनी आखले. त्याचे पहिले मोठे परीक्षण झाले ते वॉरनमध्ये. मोटार कारखान्यांत हजारो कृष्णवर्णीय कामगार होते, पण वॉरनमध्ये त्यांची घरे अगदी मोजकी होती. जुलै १९७० मध्ये रॉम्नी स्वतः वॉरनला आले. जेमतेम दोन वर्षांपूर्वी जे लोक त्यांना ‘आपले गव्हर्नर’ म्हणत होते, त्यांनीच त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, आणि पोलिसांच्या बंदोबस्तात त्यांना तिथून निघावे लागले. नोव्हेंबरमध्ये वॉरनच्या मतदारांनी नूतनीकरणाची योजनाच नाकारली; अटी नकोत म्हणून पैसाही सोडला.

व्हाइट हाउसने मंत्र्याची पाठराखण केली नाही. उपनगरांतले गोरे मतदार निक्सन यांना १९७२ च्या निवडणुकीसाठी हवे होते. डिसेंबर १९७० मध्ये, उपनगरांवर सक्तीने गोऱ्या-काळ्यांचे एकत्रीकरण लादणे देशहिताचे नाही, असे निक्सन यांनी पत्रकारांना सांगितले. रॉम्नींना मेक्सिकोत राजदूत म्हणून पाठवण्याचा विचारही त्याच सुमारास पुढे आला. त्यांनी नकार दिला आणि खात्यात राहिले. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनाने ते धोरण जवळपास संपवले.

मला या धाग्यात विचारायचे आहे ते असे. ज्या स्पष्टवक्तेपणाने रॅम्बलर विकली गेली, ज्या हट्टाने मिशिगनला प्राप्तिकर मिळाला, तेच गुण मंत्रिमंडळात निरुपयोगी का ठरले? माझे उत्तर असे आहे की कंपनीत आणि राज्यात अंतिम सही त्यांची होती, आणि मंत्रिमंडळात ती दुसऱ्याची होती. माणूस तोच होता. तरीही हीच चार वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची होती, असे मी मानतो. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद – नीरक्षीर

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु अमेरिकन मोटर्सच्या यशाचे श्रेय देताना काळाचा हिशेब थोडा कमी पडला आहे. १९५८ ची मंदी नसती तर छोट्या गाडीला एवढे गिऱ्हाईक मिळाले असते का, हा प्रश्न विचारायला हवा. १९५९ च्या शरद ऋतूत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या छोट्या गाड्या आणल्या: शेव्हरोलेची कॉर्वेअर, फोर्डची फाल्कन, क्रायसलरची व्हॅलियंट. त्यानंतर ही लढाई अवघड होत जाणार, हे दिसू लागले होते. रॉम्नी १९६२ मध्ये बाहेर पडले आणि पुढे त्या दशकात कंपनीची घसरण झाली. योग्य वेळी बाहेर पडलेल्या अध्यक्षाची कीर्ती अबाधित राहते. याचा अर्थ त्यांचे कर्तृत्व खोटे होते असा नाही. नॅश आणि हडसन ही नावे बंद करण्याचे धैर्य मंदीच्या आधीचेच आहे, हे मी मान्य करतो.

प्रतिसाद – उत्तरसीमा

नीरक्षीर, आपला मुद्दा रास्त आहे. फक्त एक भर घालतो. मोठ्या कंपन्यांच्या छोट्या गाड्या आल्यानंतरही १९६१ मध्ये रॅम्बलर देशातल्या विक्रीत तिसऱ्या क्रमांकावर होती. म्हणजे मंदी ओसरल्यावर गिऱ्हाईक लगेच पळून गेले नाही. पुढच्या घसरणीचे एक कारण असेही दिले जाते की रॉम्नींच्या नंतरच्या व्यवस्थापनाने मोठ्या गाड्यांच्या बाजारात शिरून तिन्ही कंपन्यांशी त्यांच्याच मैदानात सामना करायचे ठरवले.

प्रतिसाद – विटामाती

मी बांधकाम क्षेत्रातला असल्यामुळे गृहनिर्माण खात्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. वॉरनवर लेखकाने न्याय्य भर दिला आहे, पण त्याच खात्यातल्या दोन मोठ्या योजनांचा उल्लेख राहून गेला आहे, आणि त्यांत रॉम्नींमधला कारखानदार स्पष्ट दिसतो.

पहिली योजना ‘ऑपरेशन ब्रेकथ्रू’. मोटारी जशा साखळीवर तयार होतात तशी घरे कारखान्यात तयार करावीत आणि जागेवर नेऊन जोडावीत, ही तिची कल्पना. १९६९ मध्ये ती जाहीर झाली, तिचा कारभार नासातून आलेल्या हॅरॉल्ड फिंगर यांच्याकडे दिला गेला, बावीस उत्पादक निवडले गेले आणि देशभरात नऊ ठिकाणी नमुना वसाहती उभारल्या गेल्या. त्यांपैकी एक मिशिगनमध्येच, कॅलमझू येथे होती. सगळी मिळून घरे झाली ती तीन हजारांच्या आत. घर ही मोटार नाही, हे इथे कळते. मोटारीला रस्ता लागतो, घराला जमीन लागते, आणि प्रत्येक गावाचे बांधकामाचे नियम वेगळे असतात. कारखान्याला वर्षभर सारखी मागणी लागते, तर घरांची मागणी व्याजदराबरोबर वर-खाली होते. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात एका प्रकल्पावर तयार स्लॅब आणि भिंती आणून जोडण्याचे काम आम्ही केले होते. कारखान्यातला माल उत्तम होता, पण वाहतुकीत कडा फुटत, क्रेन थांबून राही, आणि एका सांध्यातून पाणी गळू लागले की सगळ्या मजल्यांवर त्याचा माग काढावा लागे. म्हणून रॉम्नींच्या स्वप्नाविषयी मला आपुलकी वाटते आणि त्याच्या अपयशाचे आश्चर्य वाटत नाही. त्या प्रयोगातून तयार घरांच्या दर्जाच्या एकसमान नियमांना चालना मिळाली, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी योजना अधिक दुःखद आहे. १९६८ च्या कायद्यातील २३५ व्या कलमाखाली गरीब कुटुंबांना घरकर्जावरचे व्याज एक टक्क्यापर्यंत उतरवून मिळे आणि कर्जाचा विमा सरकार उतरवी. दलालांनी मोडकळीला आलेली घरे स्वस्तात घेतली, वरून रंगाचा हात फिरवला, काही ठिकाणी मूल्यांकन करणाऱ्यांना लाच दिली आणि दुप्पट-तिप्पट किमतीला ती घरे गरीब स्त्रियांच्या गळ्यात मारली. हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी बंद पडली, छप्पर गळू लागले, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून घर सोडून जाण्यावाचून इलाज राहिला नाही. कर्ज देणाऱ्याचे काहीच बुडाले नाही, कारण विमा सरकारचा होता. ज्या डेट्रॉईटसाठी रॉम्नींनी एवढे केले, त्याच शहरात त्यांचे खाते हजारो ओसाड घरांचे मालक होऊन बसले.

दोष केवळ दलालांचा नव्हता. वर्षाला किती घरे, हा आकडा खात्याने यशाचे माप मानला. १९७२ मध्ये देशात २३ लाखांहून अधिक घरांची कामे सुरू झाली आणि तो विक्रम होता. आकडा वाढत असताना आतून काय चालले आहे, हे पाहणारे निरीक्षक मात्र पुरेसे नव्हते. कारखान्यात गाडी सदोष निघाली तर विक्रेत्याकडे परत येते. घर परत येत नाही. लेखक म्हणतात की अंतिम सही दुसऱ्याची होती. वॉरनबाबत ते खरे आहे. या योजनेबाबत अंतिम सही रॉम्नींच्याच खात्याची होती.

प्रतिसाद – उत्तरसीमा

विटामाती, आपण माझ्या लेखातली मोठी उणीव भरून काढली आहे आणि माझ्या निष्कर्षालाही योग्य मर्यादा घातली आहे. आजही डेट्रॉईटमध्ये रिकाम्या प्लॉटांच्या ओळी दिसतात. त्या सगळ्या या एका योजनेमुळे झाल्या असे म्हणता येणार नाही, पण तिचा वाटा नाकारता येत नाही. रॉम्नींच्या बाजूने एवढेच सांगतो की अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीचा अहवाल आल्यावर जानेवारी १९७१ मध्ये त्यांनी जुन्या घरांसाठीची ही मदत थांबवली, आणि गैरप्रकार झाल्याचे जाहीरपणे मान्य केले. आपण म्हणता त्याप्रमाणे, ते आधीच दिसायला हवे होते.

प्रतिसाद – सांधा

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. निक्सन यांच्या त्या पहिल्या मंत्रिमंडळात व्यावसायिक-गव्हर्नर-मंत्री असा प्रवास केलेले रॉम्नी एकटेच नव्हते. तिघे जण होते. परिवहनमंत्री जॉन व्होल्पे हे इटालियन स्थलांतरितांचे पुत्र, स्वतःच्या बळावर बांधकाम कंपनी उभी केलेले आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर. अंतर्गत व्यवहारमंत्री वॉल्टर हिकेल हे कॅन्ससहून खिशात ३७ सेंट घेऊन अलास्कात आलेले; घरे आणि हॉटेले बांधून श्रीमंत झालेले आणि तिथले गव्हर्नर. ज्यांना सांगितलेले ऐकण्याची सवयच उरलेली नाही, असे तीन पुरुष राष्ट्राध्यक्षांनी एकाच वेळी आपल्या हाताखाली घेतले.

तिघांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हिकेल यांना तेल कंपन्यांचा माणूस म्हणून सुरुवातीला फार विरोध झाला, पण सांता बार्बरा येथील तेलगळतीनंतर त्यांनी त्याच कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे कडक नियम केले. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी झालेल्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेल्यावर, प्रशासन तरुणांचे ऐकत नाही, असे पत्र त्यांनी निक्सन यांना लिहिले. ते वृत्तपत्रांत पोहोचले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. व्होल्पे चार वर्षे टिकले. प्रवासी रेल्वेसाठी ॲमट्रॅक त्यांच्याच काळात, १९७१ मध्ये, सुरू झाली. पुढे ते इटलीत राजदूत झाले. रॉम्नी राहिले, पण त्यांचे मुख्य धोरण काढून घेतले गेले. म्हणून लेखकाचा मुद्दा मला पटतो, तरी मी तो थोडा वेगळा मांडेन: व्होल्पे यांना जे हवे होते ते राष्ट्राध्यक्षांच्या मतदारांना दुखावत नव्हते. रॉम्नी आणि हिकेल यांचे तसे नव्हते.

प्रतिसाद – डोंगरवाट

आपल्या इतिहासातले एक उदाहरण इथे नोंदवावेसे वाटते. मुंबईच्या गिरणी मालक संघाचे अध्यक्ष राहिलेले आणि टाटा समूहाशी निगडित असलेले सर होमी मोदी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सदस्य झाले. म्हणजे त्या काळचे ते केंद्रीय मंत्रीच. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारने त्यांची सुटका करण्यास नकार दिला, तेव्हा मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे या तिघांनी राजीनामे दिले. स्वातंत्र्यानंतर मोदी उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. तेव्हा मतभेद झाल्यावर पद सोडणे आणि मतभेद असूनही पदावर राहून लढणे, असे दोन मार्ग दिसतात. वॉरननंतर रॉम्नींनी राजीनामा द्यायला हवा होता का, याबद्दल लेखकाचे मत काय आहे?

प्रतिसाद – उत्तरसीमा

डोंगरवाट, या प्रश्नावर मी स्वतः बराच विचार केला आहे. १९७० च्या शेवटी राजीनामा दिला असता तर त्यांची प्रतिमा अधिक उजळ राहिली असती, आणि २३५ व्या कलमाच्या बदनामीतूनही ते बरेचसे सुटले असते. पण त्यांच्या जागी त्या धोरणाला मुळातच विरोध असलेला कोणी आला असता. पदावर राहून त्यांनी अनुदाने देताना वस्तीच्या निवडीचे निकष लावण्याचा प्रयत्न चालू ठेवला. कमी प्रमाणात, पण ठेवला. तरीही शेवट त्यांच्या वाट्याला आला तो कठोर होता. जानेवारी १९७३ मध्ये अनुदानित घरांच्या नव्या मंजुऱ्या थांबवण्याचा निर्णय झाला, आणि तो ह्यूस्टनमध्ये जमलेल्या घरबांधणी व्यावसायिकांपुढे जाहीर करण्याचे काम रॉम्नींनाच करावे लागले. ज्या कामासाठी ते आले होते, त्यालाच कुलूप लावून पंधरवड्याच्या आत ते खात्यातून बाहेर पडले. माझ्या मते १९७१ च्या जूनमधल्या निवेदनानंतर त्यांनी पद सोडायला हवे होते. त्याआधी नव्हे.

प्रतिसाद – शांतिवन

दोन प्रश्न आहेत. रॉम्नींच्या मॉर्मन धर्मसंस्थेत १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य दिले जात नव्हते, मग नागरी हक्कांबाबत त्यांची भूमिका अशी कशी? आणि व्हिएतनामसंबंधीच्या ज्या एका वाक्याने त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची संधी गेली असे म्हणतात, त्याचा लेखात उल्लेख का नाही?

प्रतिसाद – उत्तरसीमा

पहिल्या प्रश्नाविषयी. रॉम्नी आपल्या धर्मसंस्थेशी आयुष्यभर निष्ठावान राहिले आणि डेट्रॉईट विभागात तिचे प्रमुख पदाधिकारीही होते. जानेवारी १९६४ मध्ये धर्मसंस्थेतल्या एका अत्यंत वरिष्ठ नेत्याने, डेल्बर्ट स्टेपली यांनी, त्यांना पत्र लिहून नागरी हक्कांच्या कायद्याला पाठिंबा देण्याबद्दल काळजी व्यक्त केली आणि सावधही केले. पत्र व्यक्तिगत म्हणून लिहिलेले होते. रॉम्नींनी आपली भूमिका बदलली नाही. लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या माणसाला, घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नसेल, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

दुसरा प्रश्न. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये रॉम्नी इतर गव्हर्नरांबरोबर व्हिएतनामला गेले होते आणि परतल्यावर त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला होता. ३१ ऑगस्ट १९६७ रोजी दूरचित्रवाणीवरील मुलाखतकार लू गॉर्डन यांना दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की त्या दौऱ्यात सेनाधिकाऱ्यांनी आणि राजनैतिक अधिकाऱ्यांनी आपले पुरेपूर ब्रेनवॉशिंग केले, आणि त्या युद्धात पडणे गरजेचे होते असे आपल्याला आता वाटत नाही. सगळीकडे गाजला तो एक शब्द. ज्याला सहज फसवता येते तो राष्ट्राध्यक्ष कसा होणार, असे विचारले गेले आणि जनमत चाचण्यांतले त्यांचे स्थान झपाट्याने घसरले. सरकार युद्धाविषयी लोकांना पूर्ण सत्य सांगत नाही, हा त्यांच्या बोलण्यातला खरा आशय होता आणि पुढे तो बरोबर ठरला. लेखात मी हा प्रसंग टाळला, कारण त्यांच्यावर लिहिलेला बहुतेक मजकूर त्या एका शब्दापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्यामुळे वॉरन कोणाला आठवत नाही.

प्रतिसाद – नीरक्षीर

मंत्रिपदानंतर ते पुन्हा व्यवसायात गेले का? बहुतेक माजी मंत्री कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जातात, म्हणून विचारतो. शिवाय त्यांच्या संपत्तीच्या पारदर्शकतेविषयी कुठेतरी वाचल्याचे आठवते.

प्रतिसाद – उत्तरसीमा

संपत्तीबद्दल आपल्याला आठवते ते बरोबर आहे. १९६७ मध्ये पत्रकारांनी त्यांच्याकडे एका वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र मागितले होते. एका वर्षाच्या कागदावरून काहीच कळत नाही, असे सांगून त्यांनी सलग बारा वर्षांची विवरणपत्रे खुली केली. अध्यक्षीय उमेदवारांनी विवरणपत्रे जाहीर करण्याची जी प्रथा पुढे पडली, तिची सुरुवात इथून झाली असे मानले जाते.

मोटार कंपनीत ते परतले नाहीत. स्वयंसेवी कामाला वाहिलेल्या एका राष्ट्रीय संस्थेची धुरा त्यांनी घेतली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्याच कामासाठी ते देशभर हिंडत राहिले. १९९४ मध्ये मिट रॉम्नी मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड केनेडी यांच्याविरुद्ध सिनेटची निवडणूक लढवत होते, तेव्हा वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी हे वडील प्रचारात पायी फिरत होते. २६ जुलै १९९५ रोजी सकाळी ब्लूमफिल्ड हिल्समधल्या घरी ट्रेडमिलवर व्यायाम करताना त्यांचे निधन झाले. ते घर एट माईल रोडच्या उत्तरेला, वॉरनपासून फार तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होते.